माळावरचा नवरदेव

यंत्राला शाल घालायची तर ती नेमकी कुठे घालायची, यावर केंद्रात बराच काथ्याकूट झाला. खांद्यावर घालावी तर पक्ष्याला खांदे कुठून आणणार? पाठीवर टाकावी तर मोटार थंड ठेवणारी जाळी झाकली जाते. शेवटी संचालक डॉ. रणदिवे यांनी निकाल दिला, की शाल मानेभोवती उपरण्यासारखी गुंडाळावी आणि श्रीफळ पायाशी ठेवावं. त्याप्रमाणे पाहुण्यांच्या हस्ते सत्कार झाला, यंत्राने मान लववली, आणि हरणवाडीच्या माळावरचा मांडव टाळ्यांनी दणाणून गेला.

हेमांगी तोडकर दुसऱ्या रांगेत बसून हे पाहत होती. ती प्राण्यांच्या वर्तनाची अभ्यासक, माळढोक पुनरुज्जीवन केंद्रात सुरुवातीपासून मुरलेली. मान कशी लववायची ते यंत्राला तिनेच शिकवलं होतं, पण ते मादीसमोर लववण्यासाठी, हारतुऱ्यांसमोर नव्हे. शेजारी तिचा नवरा सारंग बसला होता. यंत्राचा सांगाडा, मोटारी आणि मेंदू ही त्याची करणी. मुलाचा बक्षीस समारंभ बघणाऱ्या बापासारखा त्याचा चेहरा फुलला होता.

"बघ, श्रीफळाला पाय लागू दिला नाही त्याने," तो कुजबुजला. "अडथळा बरोब्बर ओळखतो."

"व्यासपीठावरच्यांपेक्षा संस्कार बरे आहेत," हेमांगी म्हणाली. टाळ्या मात्र तिनेही वाजवल्या. ज्यांचं मीठ खायचं त्यांच्या मांडवात हात आखडून कसं बसणार?

कागदावर यंत्राचं नाव चांगलं ओळभर लांब होतं. गावाने त्याला नवरदेव म्हणायला सुरुवात केली आणि तेच चिकटलं. मांडवाबाहेर मल्लिनाथ कोरेने हेमांगीला गाठलं. माळाला लागून असलेल्या आपल्या रानातली ज्वारी मोडून त्याने तिथे 'नवरदेव पॅलेस' नावाचं हॉटेल काढलं होतं.

"मॅडम, नवरदेवाचा नाच दुपारच्याला बी ठिवा की ओ. सकाळी पावणे उठतच न्हाईत."

"दुपारी उन्हाचा माळढोक नाचत नाही, मल्लिनाथराव."

"माळढोक न्हाई नाचत. ह्यो नाचतो की!"

दुपारचा खेळ पुढच्याच आठवड्यात सुरू झाला.

ज्यांनी माळढोक पाहिलेला नाही, म्हणजे जवळजवळ सगळ्यांनीच, त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. कमरेइतका उंच, चांगला वजनदार, उघड्या माळावर डोकं वर काढून चालणारा हा पक्षी. विणीच्या दिवसांत नर गळ्याखालची पिशवी फुगवतो, ती पार गुडघ्यापर्यंत लोंबते. शेपूट पाठीवर उलटी टाकतो आणि पोटातून असा घुमतो की पलीकडच्या टेकाडावर ऐकू जावं. मादी दुरून बघते, चार नर पारखते, मग एकाकडे जाते. पुढे अंडं घालायचं, तेही एकच आणि तेही उघड्या जमिनीवर, आणि पिल्लू वाढवायचं, हे सगळं तिचं तिने बघायचं. असा हा भोळा संसार. माळावर उसाचे फड आले, शेड आल्या, विजेच्या तारा आल्या. तारांना धडकून पक्षी पडू लागले आणि एक दिवस माळावर घुमणारं कोणी उरलं नाही. तेव्हा सगळ्यांना माळढोकाचा फार पुळका आला. आपल्याकडे पुळका येतो तो असाच, तेराव्याला.

मग परराज्यातून अंडी आली, यंत्रात उबवली गेली, पिल्लं झाली. नर पिल्लं मोठी झाली, पण पिंजऱ्यात वाढल्यामुळे त्यांना धड घुमता येईना. त्यांची पिशवी फुगायची ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशीच्या फुग्याइतकी. माद्या त्यांच्याकडे ढुंकून पाहीनात. तिथे हेमांगीची अक्कल कामाला आली.

पक्ष्यांच्या मेंदूत एक जुनी खोड असते. त्यांना खुणा कळतात, पण खुणेला कमाल मर्यादा असते हे कळत नाही. काही पक्ष्यांपुढे त्यांचं स्वतःचं अंडं आणि त्याच रंगाचं, ठिपके जास्त काढलेलं, दुप्पट मोठं लाकडी अंडं ठेवलं, तर ते आपलं सोडून लाकडावर जाऊन बसतात. आईच्या चोचीपेक्षा रंगवलेली काठी पिल्लांना जास्त आई वाटते. हेमांगीने विचार केला, मादीला पिशवीच बघायची आहे ना? मग पिशवी दाखवू. घुमणंच ऐकायचं आहे ना? ऐकवू. खऱ्या नराची पिशवी गुडघ्याला लागते, आपली जमिनीला टेकवू.

आणि नवरदेव जन्माला आला. पिंजऱ्यातल्या नरांकडून बीज घ्यायचं, ते यंत्रात भरायचं, मादी त्याच्या पुढ्यात बसली की पुढचं काम यंत्र करी. अंडं पडलं की लगेच उचलून उबवणीत नेत. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यापासून नवरदेवाचं घुमणं ऐकत वाढत. सुरुवातीला खऱ्या नरासारखा तोही मधूनमधून थांबायचा, कारण नाचून दम लागतो आणि दम लागला की चरायला जावं लागतं. पण तो थांबला की माद्यांच्या भेटींचा आकडा उतरायचा. रणदिवेंना उतरलेले आकडे आवडत नसत. विश्रांती काढून टाकली. ती काढायला हरकत नाही, असा अभिप्राय हेमांगीनेच दिला होता.

आणखी एक गोष्ट काढून टाकली होती. माळढोकाच्या मादीला लांडगा दिसला की ती कोरड्या खोकल्यासारखी भुंकते, आणि ऐकणारा प्रत्येक माळढोक जिथे असेल तिथून उठतो. पण हे पिल्लाला उपजत येत नाही, आई भुंकते आणि पळते, त्यावरून पिल्लू शिकतं. हेमांगीने एका जुन्या टेपवरून ती ओरड मिळवून साफ केली होती. पिल्लांना रोज ऐकवावी, म्हणजे ती शहाणी होतील, असं तिचं म्हणणं होतं.

"डॉक्टर, हे फार निगेटिव्ह आहे," रणदिवे तिला म्हणाले होते. "पिल्लं पर्यटकांना बघून पळाली तर? आपले पक्षी तणावमुक्त आहेत, हे आपलं वैशिष्ट्य आहे."

त्यामुळे केंद्राच्या माद्या तणावमुक्त होत्या. माळाभोवती उंच जाळी होती, वरून आभाळ मोकळं होतं. त्यांना उडता येत होतं, फक्त उडायचं कारण ठाऊक नव्हतं.

श्रावण सरत आला होता. माळावर पवन्या गवत गुडघाभर वाढलं होतं. हेमांगी सकाळी मचाणावर चढली आणि दुर्बीण लावली, तेव्हा नवरदेव आपल्या चौथऱ्यावर घुमत होता आणि त्याच्यापासून बऱ्याच अंतरावर दुसरा नवरदेव उभा होता. तिला वाटलं, सारंगने न सांगता जोडीदार आणला की काय. तेवढ्यात त्या दुसऱ्याने गवतातून एक नाकतोडा उचलला, आपटला आणि गिळला.

यंत्राला नाकतोडे खायची सोय नव्हती.

त्याच्या शेपटीतलं एक पीस गळालेलं होतं. पाय चिखलाने भरले होते. दक्षिणेकडून, सीमेपलीकडच्या कुठल्याशा माळावरून तो आला असावा. जंगली, जन्माने आणि कर्माने जंगली नर. हेमांगीने इतकी वर्षं या पक्ष्याचा आवाज, चाल, मानेचा कोन मोजून मोजून यंत्रात भरला, पण मोकळा नर तिने उभ्या आयुष्यात पाहिला नव्हता. मचाणावर बसून ती ढसाढसा रडली आणि त्या रडण्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

त्या नराने पिशवी फुगवली, घुमायला सुरुवात केली. आवाज किती लहान! माद्यांनी मानही वळवली नाही.

दोन दिवसांनी सारंगने बॅटरी बदलायला नवरदेवाला चौथऱ्यावरून उतरवलं. माळ एकदम गप्प झाला. माद्या गोंधळल्या, इकडेतिकडे फिरू लागल्या. आणि त्या शांततेत खऱ्याचं घुमणं ऐकू आलं. पायात पिवळी कडी असलेली एक मादी थांबली. तिने मान तिरकी केली. मग एकेक पाऊल टाकत, मधेच चोच गवतात खुपसून उगाच काही खाल्ल्यासारखं करत, ती त्याच्या दिशेने निघाली. ती पारखत होती! तिला कोणी शिकवलं नव्हतं, तरी ती पारखत होती.

तेवढ्यात नवी बॅटरी बसली. नवरदेव घुमला. पिवळीने मान फिरवली आणि ती तुरुतुरु चौथऱ्याकडे पळत गेली.

घरी हेमांगीने विषय काढला तेव्हा सारंग भाकरी मोडत होता.

"हा हंगाम नवरदेव बंद ठेवू या, सारंग. एकच हंगाम."

"त्या पिसं झडलेल्यासाठी?"

"तो खरा आहे."

"खरे सगळे मेले होते, हेमा." त्याने भाकरी ताटात ठेवली. "आपण आलो तेव्हा या माळावर एक पीस नव्हतं. आज पिल्लं आहेत. ती कुणामुळे? तुझ्या खऱ्यामुळे?"

"पिल्लं आहेत, कबूल. पण त्यांना यंत्राशिवाय दुसरं लग्न ठाऊक नाही. उद्या तुझी बॅटरी संपली की जात संपली. पिवळी जात होती रे त्याच्याकडे, मी डोळ्यांनी पाहिलं. एक अंडं तरी असं पडू दे, जे आपण उचलणार नाही."

"ते कोल्हा उचलेल."

"उचलू दे. कोल्ह्याला तरी त्याचा अहवाल लिहायचा नसतो."

सारंग हसला नाही. "केंद्राचं काम तपासायला समिती येतेय. यंत्र आता कुलूपबंद आहे, मूल्यमापन होईपर्यंत मलाही त्यात बोट घालता येत नाही. आणि घालता आलं असतं तरी घातलं नसतं. माझ्या आयुष्यातलं एवढंच एक काम नीट झालंय."

हे त्याने इतकं सरळ सांगितलं, की भांडायचं तिचं बळच गेलं. मग हेमांगीने काय केलं? अर्ज केला. आग लागली की विहीर खणायला परवानगी मागणाऱ्या लोकांतली ती होती, आणि अर्ज अगदी मुद्देसूद होता.

माळावर दरम्यान वेगळंच चाललं होतं. दोन माळढोक नर समोरासमोर आले, की ते बहुधा मारामारी करत नाहीत. दोघं नाचतात, घुमतात, बाजूबाजूने चालतात. ज्याचा दम आधी संपतो तो शेपूट खाली घेतो, पिशवी रिकामी करतो आणि गवत टोचत टोचत, जणू मुळात नाकतोडे खायलाच आलो होतो, अशा थाटात चालता होतो. दोघांचाही मान राहतो. माणसांनी शिकावं असं काही यात आहे, पण ते जाऊ दे.

नवरदेवाचा दम संपतच नव्हता. खरा नर घुमायचा, थांबायचा, समोरचा थांबलेला नाही हे पाहून पुन्हा घुमायचा. चरायला जायचं म्हणजे मैदान सोडायचं, आणि मैदान तर तो सोडायला तयार नव्हता. दुपारी, ज्या वेळी कुठलाही शहाणा माळढोक सावलीत बसतो, त्या वेळी मल्लिनाथच्या पाहुण्यांसाठी नवरदेवाचा खेळ सुरू व्हायचा, आणि बिचारा हा उन्हात धापा टाकत जबाब द्यायचा. त्याची मान उतरली. छातीचं हाड दिसू लागलं. पर्यटक त्याचे फोटो काढत नसत, कारण शेजारीच जास्त चांगला होता.

"मॅडम, त्यो दुसरा बारका कोन ओ?" मल्लिनाथने एकदा विचारलं. "पावणे म्हनालेत, ह्यो खराब झालाय, बदला."

ज्याने विश्रांती खोडली तो हात हेमांगीचाच होता, हे तिला रोज मचाणावर चढताना आठवत होतं.

अर्जाला उत्तर म्हणून रणदिवेंनी तिला आणि सारंगला चहाला बोलावलं. रणदिवे माणूस गोड. कोणाचाही गळा कापताना ते आधी त्याच्या गळ्यात हार घालत.

"तुमची तळमळ पोचली, डॉक्टर," त्यांनी खारी चहात बुडवली. "तो नर आपल्याला हवाच आहे. जंगली रक्त म्हणजे सोनं. आपण त्याला पकडू, समितीच्या समोरच पकडू. थोडं बीज काढून घेऊ. आणि मग ऐका, हे माझं स्वतःचं डोकं आहे हं. मग त्याला सुधारू."

"सुधारू म्हणजे?"

"गळ्यात छोटासा स्पीकर. पिशवीखाली हवा भरायची नळी. शेपटीत थोडी जास्तीची पिसं. नवरदेवासारखा दिसला, नवरदेवासारखा घुमला, की माद्या जातीलच ना त्याच्याकडे? तुम्हाला खरा हवा आहे, आम्हाला निकाल हवा आहे. दोघांचं समाधान. 'वर्धित नैसर्गिक' असं नावही सुचलंय मला."

हेमांगीला वाईट याचं वाटलं, की ते चाललं असतं. माद्या गेल्या असत्या. पिल्लंही झाली असती. शेवटच्या खऱ्या माळढोकाच्या गळ्यात तिचीच लबाडी बांधली, की गणित सुटत होतं, आणि त्या गणितात चूक दाखवायची तर अर्जात लिहिण्यासारखं तिच्याकडे काहीच नव्हतं.

"पकडणार कसं?" सारंगने विचारलं. "तो माणसाला जवळ येऊ देत नाही."

"तिथेच तुमची गरज आहे. त्याला नवरदेवाला हरवायचंय ना? हरवू द्या. नवरदेव शेपूट खाली घेईल, पिशवी रिकामी करेल. हा जिंकल्याच्या तोऱ्यात चौथऱ्याजवळ येईल. तिथे जाळं. एवढ्यापुरतं यंत्राचं कुलूप मी काढून देतो."

बाहेर आल्यावर सारंग थांबला. "हरण्याचा प्रोग्राम," तो म्हणाला. "तू मागे मागितला होतास तेव्हा मी म्हटलं होतं, हरण्याचा प्रोग्राम कोण लिहितं?"

"आता लिही," हेमांगी म्हणाली. "कुणाला तरी फसवायचंय म्हणजे लिहायला हरकत नाही."

त्याने लिहिला. चांगला लिहिला, कारण वाईट काम त्याच्या हातून होतच नसे. आवाज हेमांगीने दिले.

समिती आली ती टोप्या घालून. मचाणावर खुर्च्या मांडल्या होत्या, काजू-बदाम होते, मल्लिनाथने हुरड्याचे दिवस नसताना कुठून तरी हुरडा पैदा केला होता. ही मंडळी पास म्हणाली, की असे नवरदेव देशभरच्या माळांवर जाणार होते. तणमोराचे, सारसाचे, गिधाडांचे नवरदेव तयार करायचा आराखडाही रणदिवेंच्या पिशवीत होता. मचाणाच्या पायथ्याच्या खोलीत सारंग यंत्राच्या बटणांपाशी बसला होता आणि हेमांगी आवाजापाशी. समोर पडदा होता, खिडकीतून माळ दिसत होता.

नवरदेव घुमता घुमता अडखळला. पिशवी सैल पडली. शेपूट हळूच खाली आली. सारंगने ते इतकं हुबेहूब साधलं होतं, की मचाणावर कोणीतरी 'अरेरे' म्हणालं.

खरा नर घुमायचा थांबला. बराच वेळ तो नुसता उभा राहिला. त्याला विश्वास वाटत नसावा. मग त्याने शेपूट पाठीवर टाकली, एक पीस कमी असलेली ती शेपूट, अंगात उरलेला सगळा वारा गळ्यात भरला आणि तो घुमला. पुढे सरकला. पुन्हा घुमला. जाळं त्याच्यापासून दहा-बारा पावलांवर गवतात दडवलेलं होतं.

आणि पिवळी निघाली. यंत्र गप्प होतं, माळ गप्प होता, आणि ती या वेळी चोच गवतात न खुपसता सरळ त्याच्याकडे चालत आली. ज्यासाठी हेमांगीने अर्ज केला होता, नवऱ्याशी भांडली होती, ते समोर घडत होतं, अगदी जाळ्याच्या काठावर. आणखी काही पावलं, की तो जन्मभर गळ्यात स्पीकर घेऊन फिरणार होता.

"हेमा, शेवटचा आवाज दे," सारंग म्हणाला. "हरलेल्याचा."

हेमांगीने जुनी टेप लावली.

नवरदेवाच्या गळ्यातून, त्याच्या त्या अवाढव्य गळ्यातून, लांडगा पाहिलेल्या कुठल्याशा मेलेल्या मादीची कोरडी, खोकल्यासारखी भुंक बाहेर पडली. एकदा. दोनदा. सगळ्या माळावर.

खरा नर एका क्षणात निम्मा झाला. पिशवी गेली, तोरा गेला, मान ताठ झाली. तो चार पावलं धावला, पंख उघडले आणि जड अंगाने कुंपणाच्या जाळीवरून वर चढला. दक्षिणेकडे वळताना त्याने खाली माद्यांकडे पाहिलं की नाही, हे हेमांगीला शपथेवर सांगता आलं नसतं. तिला तसं वाटलं. काही वेळाने तो ठिपका झाला आणि मग तोही उरला नाही.

हेमांगीने पडद्याकडे पाहिलं. पळा, असं यंत्र भुंकत होतं. जीव घेऊन पळा. माद्यांनी माना उंचावल्या. पिवळी जिथे होती तिथेच वळली. हा आवाज त्यांनी जन्मात ऐकला नव्हता, पण तो नवरदेवाचा होता, मोठा होता आणि नवीन होता. एकेक करत त्या सगळ्या चौथऱ्याकडे निघाल्या. मग पळत सुटल्या. पिवळी सगळ्यांच्या पुढे होती. यंत्राच्या पायाशी एवढी गर्दी याआधी कधी झाली नव्हती.

मचाणावर टाळ्या झाल्या.

रणदिवे जिना उतरून स्वतः खाली आले. नर निसटल्याचा राग त्यांच्या चेहऱ्यावर असायला हवा होता. तिथे नुसता आनंद होता.

"डॉक्टर! काय आवाज होता तो? आकडा पाहिलात? एकाच वेळी सगळ्या! समिती खूश आहे. तो रानटी गेला तर गेला, तसाही पिसं झडलेलाच होता. हा आवाज कायम ठेवा. सकाळ, दुपार, संध्याकाळ."

"सर, तो आवाज—"

"नाव काय देऊ या त्याला? 'आनंदनाद' कसं वाटतं?"

हेमांगीने त्यांच्याकडे पाहिलं. सांगून काय उपयोग होता? सांगितलं असतं तर त्यांनी त्याचंही वैशिष्ट्य केलं असतं.

ते गेल्यावर सारंग बटणांवरचे हात न उचलता म्हणाला, "तू मुद्दाम केलंस."

"हो."

"पिवळी जात होती त्याच्याकडे."

"हो."

"मग या का नाही पळाल्या?"

"त्यांना कुणी सांगितलंच नाही, सारंग. मी ऐकवू या म्हटलं होतं, ते निगेटिव्ह ठरलं."

त्याने चेहरा ओंजळीत घेतला. तो रणदिवेंना काही सांगणार नव्हता, हे तिला कळलं. तिच्याबरोबर येणारही नव्हता, हेही कळलं. बाहेर त्याचं नीट झालेलं एकमेव काम भुंकत होतं आणि ते टाकून जाणं त्याला जमण्यासारखं नव्हतं. तिने त्याच्या केसांवरून एकदा हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एका बॅगेनिशी फाट्यावर उभी राहिली. 'नवरदेव पॅलेस'समोर गाड्यांची रांग लागली होती. मल्लिनाथ लांबूनच ओरडला, "मॅडम, नवा आवाज एक नंबर हाय की ओ! पावणे खुळे झालेत!" तेवढ्यात माळावरून ती भुंक उठली, कोरडी, खोल, टेकाडांवरून परत येणारी. त्यामागून माणसांच्या टाळ्या ऐकू आल्या. हेमांगीच्या अंगावर सर्रकन काटा आला. त्या आख्ख्या माळावर तो आवाज ऐकून पळावंसं वाटणारी आता ती एकटीच उरली होती.

एसटीची वाट न पाहता तिने बॅग उचलली आणि दक्षिणेकडच्या रस्त्याने चालायला लागली.